आपले म्हणणे आपल्या हाताने

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

दरवर्षी या दिवशी आपण एकत्र जमतो. वंदना होते, भाषणे होतात, टाळ्या होतात, भोजनदान होते आणि पाहुणे भिवपुरी रोड स्टेशनकडे गाडी पकडायला निघतात. दुसऱ्या दिवशी कुणाला विचारले, "काल वक्ते काय बोलले?" तर उत्तर येते, "फार छान बोलले!" काय बोलले ते मात्र सांगता येत नाही. बोललेला शब्द असा वाऱ्यावर जातो. म्हणून यंदा आम्ही बोलण्याविषयी नव्हे, तर लिहिण्याविषयी चार शब्द सांगणार आहोत.

लिहिणे म्हणजे कथा-कादंबरी नव्हे. पुरस्कार मिळवणे, नावापुढे 'साहित्यिक' लावणे नव्हे. आमचे म्हणणे साधे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने, मग तो गँगमन असो, घरकाम करणारी ताई असो, शिक्षक असो की कॉलेजात जाणारी मुलगी असो, समाजाबद्दल आपल्याला काय वाटते ते लिहिण्यासाठी स्वतःची एक जागा तयार करावी. ती जागा एक वही असेल, विहाराच्या भिंतीवरचा फळा असेल किंवा चार घरांनी मिळून काढलेला हस्तलिखित अंक असेल. पण त्या जागेचे मालक आपण असू. तिथे काय छापायचे आणि काय नाही हे दुसरा कुणी ठरवणार नाही.

दगडावरचे नाव

बंधूंनो, लांब जायला नको. आपल्याच कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. आपल्यातले पुष्कळजण पावसाळ्यात तिथे धबधबा बघायला जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा चैत्याच्या दर्शनी भागाजवळ थोडे थांबा. तिथे एका भंगलेल्या शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत एक छोटीशी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ एवढाच, की हे काम कण्ह याचा शिष्य बलक याने केले. दोन हजार वर्षे झाली. ज्यांची सत्ता होती ते गेले, ज्यांचे धन होते ते गेले. पण दगड फोडणाऱ्या त्या माणसाचे नाव राहिले, आणि त्याच्या गुरूचेही राहिले. का राहिले? तर त्याने ते लिहिले म्हणून.

आता याच्या उलट बघा. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली, हे सर्वत्र छापलेले आहे. आपल्या भिवपुरीचे टाटांचे वीज केंद्र १९२२ साली चालू झाले. ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटावरून खाली आणून त्यावर वीज तयार होते, हे शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. पण त्या घाटात रूळ कुणी वाहिले, डोक्यावर माती-दगडाच्या पाट्या कुणी घेतल्या, डोंगर उतरताना कुणाचा पाय मोडला? हे कुणाचा आजा-पणजा त्या कामावर होता त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिले आहे. म्हातारे माणूस गेले की ते पानही गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. घरातले देव कुणी उचलले, कुणाची आई रडली, गावकीची कामे सोडली तेव्हा गावाने काय केले, हे सारे त्यांनी पाहिले आहे. येत्या काही वर्षांत हे सांगणारे कुणी उरणार नाही. मग आपल्या वस्तीचा इतिहास कोण सांगेल? जो सांगेल तो त्याच्या सोयीने सांगेल.

धम्माच्या इतिहासातही हा प्रसंग येऊन गेला आहे. तथागतांची वचने कित्येक पिढ्या भिक्खूंनी पाठ करून जपली. पुढे सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळी युद्ध आणि दुष्काळ आला. पाठ करणारे भिक्खूच उरले नाहीत तर वचनेही जातील, ही भीती निर्माण झाली. तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ती ताडपत्रांवर लिहून काढण्यात आली, असे तिथली परंपरा सांगते. आज आपण त्रिपिटक म्हणतो ते अशा काळजीतून आपल्या हाती आले आहे.

आपल्या आधी कुणी लिहिले?

कुणी म्हणेल, "लिहिणे हे शिकलेल्यांचे काम. आपल्या परंपरेत ते कुठे आहे?" आहे, चांगली भक्कम परंपरा आहे.

१८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. तो निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापला गेला. ज्यांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल त्या पोरीने विचारला. पदवी नाही, पद नाही, वय नाही. होता फक्त प्रश्न आणि तो लिहिण्याचे धैर्य.

आपल्या रायगड जिल्ह्याचेच बघा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी 'दीनबंधू' सारख्या पत्रांतून लिहिले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. त्या पुस्तिकेचे रूप लक्षात घ्या. तिच्यात त्यांनी पंडितांना आणि धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले आहेत. ज्याला उत्तरे देण्याचा अधिकार नाकारला गेला, त्याने प्रश्न विचारण्याचा अधिकार स्वतःच घेतला!

महाड तालुक्यातल्याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे पुढे चवदार तळ्याच्या परिषदेसाठी धडपडणारे कॉम्रेड आर. बी. मोरे, लहान असताना त्यांना महाडच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते छापून आले आणि प्रवेश द्यावा लागला. एका पत्राने सगळी अस्पृश्यता गेली नाही, वर्गात वेगळे बसणे काही सुटले नाही. पण बंद दार किलकिले झाले. लिहिण्याची ताकद किती आणि तिची मर्यादा किती, हे दोन्ही या एका उदाहरणात दिसते.

'मूकनायक' काय शिकवतो?

आणि मग येतात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत परळहून 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. बाबासाहेब तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे लागले. पत्रासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी' ने मात्र पैसे देऊनही 'मूकनायक' ची जाहिरात छापली नाही. आपण आज म्हणतो, "आमचे म्हणणे पेपरवाले छापत नाहीत." बाबासाहेबांची तर जाहिरातही छापली नाही! त्यांनी काय केले? स्वतःचे पत्र काढून ते चालवले.

पहिल्या अंकात त्यांनी दोन दृष्टांत दिले. ते आमच्या शब्दांत सांगतो. एक मनोऱ्याचा. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा आहे. एकेक जात म्हणजे एकेक मजला आणि या मनोऱ्याला जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरायचे. दुसरा आगबोटीचा. बोटीत बसलेला उतारू दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडू लागला तर आज ना उद्या तोही बुडणार. बोजड शब्द नाहीत, संस्कृतचे ओझे नाही. चाळीतल्या कामगाराने ऐकले की चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पत्राच्या शिरोभागी त्यांनी तुकोबांचा अभंग घेतला, तर पुढे 'बहिष्कृत भारत' वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या. मराठी माणसाच्या ओळखीच्या शब्दांतून त्यांनी नवा विचार सांगितला.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. 'मूकनायक' अडखळला आणि १९२३ साली बंद पडला. पण काम बंद पडले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला आपल्या जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणी प्यायलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. हा योगायोग समजू नका. तळ्यावर जे घडले ते विरोधक आपल्या पद्धतीने सांगत होते. आपली बाजू आपण मांडली नाही तर सत्याग्रह हा दंगा ठरेल, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. पाणी प्यायला ओंजळ लागली, ती बाजू टिकवायला लेखणी लागली.

'बहिष्कृत भारत' ला पैसा नव्हता, लेखक नव्हते. अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहून काढीत. दिवसभर कोर्ट, कॉलेज, सभा आणि रात्री अंकाचा मजकूर. वर्गणीदार पैसे वेळेवर देत नसत. वर्तमानपत्राचे ऋण हे ऋण नाही का, असे त्यांना वाचकांना विचारावे लागले. १९२९ साली तेही पत्र बंद झाले. मग २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. मधल्या काळात १९२८ साली 'समता' ही निघाले. मोजा बरे! एक बंद पडले की दुसरे उभे. आपण एक हस्तलिखित काढतो, दोन अंकांनंतर पोरे पांगतात आणि आपण म्हणतो, "जमत नाही." छत्तीस वर्षे पुन्हा पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत, हे अशा वेळी आठवावे.

'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' चे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली, वसंत मून यांच्या संपादनाखाली एकत्र प्रसिद्ध केले. ते पुस्तक प्रत्येक विहाराच्या कपाटात असावे, आणि कपाटाला कुलूप नसावे, एवढीच विनंती.

अडचणी खऱ्या किती?

आता अडचणी. पहिली, वेळ नाही. पहाटेची कर्जत लोकल, तासाभराहून अधिक उभ्याने प्रवास, रात्री नऊला घरी. खरे आहे. पण मोबाईलवर आलेला मजकूर न वाचताच पुढे ढकलायला वेळ मिळतो ना? तेवढ्याच वेळात पाच ओळी होतात. दुसऱ्याचे शंभर मजकूर पुढे पाठवल्याने आपला एक विचार तयार होत नाही.

दुसरी, शुद्धलेखन येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, लोक हसतील. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचायच्या. गल्ल्यावर बसून त्यांनी आपल्या समाजाची कहाणी लिहिली आणि घरच्यांच्या भीतीने वर्षानुवर्षे लपवून ठेवली. १९८६ साली ती 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तकरूपाने आली आणि आज जगभर वाचली जाते. भगिनींनो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम तुम्हांला सांगतो. आणि बंधूंनो, तुम्हांलाही सांगतो, कारण ते लिखाण लपवावे का लागले याचा विचार तुम्ही करायचा आहे. घरातली बाई वही घेऊन बसली तर चहा आपण ठेवावा. त्याने काही बिघडत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. खरे लिहिले तर आपलीच माणसे रागावतात. व्यवस्थेवर लिहा, मनूवर लिहा, टाळ्या पडतील. पण जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर किती खर्च झाला आणि मुलांच्या अभ्यासिकेवर किती, हे लिहा बघू! लग्नात बुद्धवंदना पाच मिनिटे आणि हळद-वरात पाच तास, हे लिहा. दहावीनंतर मुलीला कर्जतला कॉलेजला पाठवायचे की घरी बसवायचे, या प्रश्नावर घराघरांत काय बोलले जाते ते लिहा. आणि शेजारच्या कातकरी वाडीवरचा माणूस आपल्या दारात आला तर त्याला पाणी कशातून देतो, त्याला अरे-तुरे करतो की अहो-जाहो, हेही लिहा. वीटभट्टीवर गेलेली त्यांची पोरे शाळेतून सुटतात तेव्हा आपल्याला काही वाटते का? बाबासाहेबांनी मनोरा दाखवला तो वरच्यांना शिव्या देण्यासाठी नव्हे. आपणही कुणाच्या डोक्यावर मजला बांधून बसलो आहोत का, हे बघायला त्याने शिकवले. लिहिणे म्हणजे आधी आरसा. तो आपल्याकडे धरायची तयारी नसेल तर मग भाषणे पुष्कळ आहेत.

लिहायचे कसे?

आमच्या मते चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, तारीख आणि नाव. जे लिहू त्याखाली दिनांक आणि स्वतःचे नाव असावे. निनावी पत्रक हे प्रबोधन नव्हे, ती चहाडी. नाव घालायचे म्हटले की माणूस आपोआप जपून आणि जबाबदारीने लिहितो.

दुसरी, पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले वेगवेगळे ठेवावे. सुत्तांची सुरुवात कशी होते? 'असे मी ऐकले आहे' या अर्थाच्या शब्दांनी. मग तथागत तेव्हा कोणत्या नगरात होते, कुणाशी बोलत होते हे सांगितले जाते. केवढी ही सचोटी! आपणही लिहावे, हे मी पाहिले, हे आजीने सांगितले, हे माझे मत. आणि केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यासाठी मानू नका, स्वतः पारखून घ्या. मोबाईलवर आलेली बाबासाहेबांच्या नावाची वाक्येसुद्धा याच कसोटीवर घासावीत. ते वाक्य कुठल्या खंडात आहे हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, तोच खरा आदर.

तिसरी, सम्यक वाचा. खोटे नको, चहाडी नको, कठोर शब्द नकोत, वायफळ नको. कुणाच्या घरातली भानगड फळ्यावर नको. प्रश्न प्रथेचा मांडावा, माणसाची बेअब्रू करू नये.

चौथी, उत्तराला जागा. ज्याला आपले म्हणणे पटले नाही त्याचे लिखाण शेजारी, त्याच अक्षरात लागले पाहिजे. 'बहिष्कृत भारत' मध्ये बाबासाहेब विरोधकांचे मुद्दे घेऊन त्यांचा एकेक करून समाचार घेत. उत्तर द्यायचे तर आधी दुसऱ्याचे नीट ऐकावे लागते. फळ्यावर वाद झाला तर ओट्यावरची भांडणे कमी होतील, असा आमचा अंदाज आहे.

एक सूचना

भाषण संपवण्यापूर्वी कार्यकारिणीपुढे आणि आपणा सर्वांपुढे एक सूचना ठेवतो. विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा लावावा. दर पौर्णिमेला त्यावर दोन पाने लागतील. एक तरुणाचे किंवा तरुणीचे, समाजातल्या कुठल्याही प्रश्नावर. दुसरे पान वस्तीतल्या एका ज्येष्ठ माणसाच्या आठवणीचे. त्यांना लिहिता येत नसेल तर नातवंडाने विचारून लिहून घ्यावे आणि परत वाचून दाखवावे. काही चुकले असेल तर त्यांच्यासमोरच दुरुस्त करावे. वर्षाअखेर ही पाने शिवून एक हस्तलिखित बांधावे आणि ते विहारात ठेवावे. खर्च म्हणाल तर कागद, शाई आणि दोरा. जेवणावळीच्या एका पंक्तीएवढाही नाही.

वर्षाला पंचवीस पाने होतील. दहा वर्षांत अडीचशे. उद्या कुणी विचारले की भिवपुरीच्या या माणसांनी काय भोगले, काय बदलले आणि ती काय विचार करीत होती, तर आपली मुले रिकाम्या हाताने उभी राहणार नाहीत. त्या वहीत चुका असतील, खाडाखोड असेल, आपसातले मतभेद असतील. असू द्यात. तरी ती आपली असेल.

आज घरी गेल्यावर मुलांची जुनी वही काढा. मागची कोरी पाने फाडून शिवा. वर तारीख टाका आणि पहिली ओळ लिहा. एकदा लिहायला लागलात की विषय आपोआप सुचतील. पुढच्या पौर्णिमेला ते पान घेऊन विहारात या.



जय भीम! जय बुद्ध! सर्वांचे मंगल होवो.